हो असेल तर वर बघ

आमच्या चर्चच्या मंडळीत आजारातून उठलेल्या माणसाला साक्ष द्यावी लागते. म्हणजे उपासनेत पुढे उभं राहायचं, प्रभूने कसं वाचवलं ते सांगायचं, लोक आमेन म्हणतात, बायका डोळे पुसतात आणि मग चहा होतो. माझी साक्ष मात्र बिघडली. चहासुद्धा धड झाला नाही. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो आहे. ज्यांच्या घरात कोणी असंच हातपाय गळून पडलं असेल, त्यांच्या उपयोगाचं यात थोडंफार निघेल. बाकीचं माझ्या आणि आईच्या भांडणाचं आहे, ते गोड मानून घ्या.

चप्पल

महाडला एसटी डेपोजवळ माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांचे जळालेले पंप येतात, मी जुन्या तारा काढून नव्या भरतो. पावसाळा सरत आला होता. आठवडाभर पोट बिघडलं होतं, पण त्या दिवसांत अर्ध्या महाडचं बिघडलेलं असतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

त्या सकाळी दुकानाकडे निघालो तर कोपऱ्यावरची केळीवाली हसायला लागली. "विलासभाऊ, एक चप्पल कुठं ठेवून आलाव?" खाली पाहिलं तर डावा पाय उघडा. चप्पल कधी सुटली ते मला कळलंच नव्हतं. मीही हसलो. दुकानात पोचल्यावर पान्याने एक साधा नट सुटेना, तेव्हा हसू गेलं. दुपारी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही नाही. "जीबीएस वाटतोय. आजच मुंबईला न्या," ते माझी बायको मनीषा हिला म्हणाले. "संध्याकाळ होऊ देऊ नका." मग मला समजेल अशा भाषेत सांगितलं, की शरीर स्वतःच स्वतःच्या नसांवरचं आवरण खातंय.

"म्हणजे इन्शुलेशन गेलंय," मी म्हटलं. "तार शाबूत आहे ना?"

"बहुतेक आहे. आवरण परत येतं, पण वेळ लागतो."

एवढ्यावर मी धीर धरला. माणगाव मागे पडेपर्यंत तो टिकला. तिथून पुढे माझी जीभ जड झाली. मनीषाने माझा हात धरला होता, पण तो धरलाय हे मला डोळ्यांनी बघून कळत होतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

नळी

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात घशात नळी गेली आणि श्वास यंत्राच्या हवाली झाला. पुढचे कित्येक दिवस मी बोललो नाही. हात हलत नव्हते, पाय हलत नव्हते, चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. फक्त डोळे वरखाली होत. अशा माणसाकडे पाहिलं की लोकांना वाटतं, याला काही कळत नाही. मला सगळं कळत होतं आणि सगळं ऐकू येत होतं. माझ्या उशाशी उभं राहून माझ्या दुकानाचं आता काय करायचं यावर चर्चा झालेली मी ऐकली आहे. एकाने तर गाळ्याला गिऱ्हाईकही सुचवलं.

एकदा चादर बदलताना माझा उजवा कान उशीखाली दुमडला गेला. एवढीशी गोष्ट. पण दुमडलेल्या कानावर डोक्याचा सगळा भार घेऊन तासन्‌तास पडून बघा. दुखण्यापेक्षा सांगता न येण्याचा संताप मोठा होता. सकाळच्या पाळीची सिस्टर आली, तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि थांबली. "दादा, कुठे दुखतंय? हो असेल तर वर बघा. नाही असेल तर खाली." पाठ? मी खाली पाहिलं. पाय? खाली. मान? खाली. कान? मी असा वर पाहिला की छत फुटावं. तिने कान सरळ केला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

तिला मी देवदूत वगैरे म्हणणार नाही. ती ड्युटी कधी संपते याची वाट बघणारी बाई होती आणि माझ्यादेखत सासूची गाऱ्हाणी सांगायची. पण प्रत्येक गोष्ट करायच्या आधी ती मला सांगत असे. आता नळी साफ करते, त्रास होईल. आता कूस बदलते. मला कोणीतरी अजून माणसात धरतंय, हे मला तिच्यामुळे कळत राहिलं.

देवाबद्दलही खरं ते सांगतो. पाचारण या विषयावर मी लहानपणापासून प्रवचनं ऐकत आलोय. देव नाव घेऊन बोलावतो, आपण उठायचं आणि जायचं. मला वाटलं, बोलायचं असेल तर हीच वेळ. दुकान बंद, फोन बंद, मला दुसरं काम नाही. मी रोज कान देऊन पडून राहायचो. यंत्राची शिटी ऐकू यायची, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं कण्हणं ऐकू यायचं. देव काही बोलला नाही. मी त्याच्यावर रागावलो होतो. तो तिथे नाही असं मात्र मला एकदाही वाटलं नाही, आणि हे दोन्ही एकदम कसं, ते मला समजावून सांगता येणार नाही.

आईचं बोलणं

मंडळी महाडहून गाडी करून आली. आत दोघादोघांनाच सोडत होते. आईबरोबर आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, आले.

आई वरंधच्या वरच्या वाडीतली. गुरांमागे डोंगर चढत वाढलेली. माझ्या वडिलांशी लग्न झाल्यावर तिचा बाप्तिस्मा झाला आणि तेव्हापासून तिने आपणहून एक उपासना चुकवलेली मला आठवत नाही. पण वाडीतल्या काही गोष्टी तिच्या अंगातच आहेत. तिथे पोर आजारी पडलं की आई नवस बोलते आणि तो फेडायचा असतो पोराने. अनवाणी डोंगर चढायचा तर पोराने चढायचा. यात कोणाला वावगं वाटत नाही, कारण आईने बोलायचं नाही तर कोणी बोलायचं?

तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. "प्रभू, माज्या लेकराला उठव. उठला की तुज्या सेवेला देते. दुकान बंद करील, शिकायला जाईल, पाळक होईल. मी शब्द देते. पन उठव."

मी जीव खाऊन खाली पाहिलं. खाली, खाली, खाली. पण प्रार्थना म्हणजे सगळ्यांचे डोळे मिटलेले. पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं आणि माझं आयुष्य ठरलं.

त्यातून झालं असं, की त्याच आठवड्यात माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

पाळकसाहेब, जपून

घरी आलो तेव्हा चमचा तोंडापर्यंत नेणं हेच दिवसाचं काम होतं. आई पेज भरवायची, मनीषा शाळेतलं कारकुनीचं काम आटपून आली की पायांचे व्यायाम करून घ्यायची. दोघींवाचून माझं चालत नव्हतं आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं.

"आई, त्यांना विचारलं होतं का तुम्ही?" मनीषाने एकदा स्वयंपाकघरात विचारलंच.

"मरनाऱ्या मानसाला काय इचारायचं गो?"

"मेले नाहीत ते. ऐकत होते."

भांडी जरा जोरात आपटली. त्यानंतर मनीषाने विषय काढला नाही, पण मला एवढं म्हणाली, "पाळकाची बायको व्हायला माझी ना नाही. पण तुमचं बोलावणं तुम्हाला ऐकू आलेलं असू दे. दुसऱ्याच्या कानाने संसार हलवायचा नाही मला."

संध्याकाळी वॉकर घेऊन चवदार तळ्याच्या कडेने चालायचा सराव करायचो. मंडळीतलं कोणी भेटलं की हाक यायची, "पाळकसाहेब, जपून!" थट्टाच होती, पण अर्धीच. धर्मशिक्षणाला मला कुठे पाठवायचं, याची चौकशी झालेली होती. एका काकूंनी उपदेशाला उभं राहताना घालायला पांढरा सदरा शिवून आणला, तो मला बरोबर बसला.

बिघडलेली साक्ष

मी उठल्याबद्दल उपकारस्तुतीची उपासना आमच्या अंगणातच ठेवली. आईने बुंदी पाडून घेतली होती. मी वॉकरला धरून उभा राहिलो. आजार सांगितला, सिस्टरचं सांगितलं, कानाचं सांगितलं. लोक हसले, रडले. मग सगळे एका वाक्याची वाट बघत थांबले. आई पुढच्याच चटईवर होती, पदर डोक्यावरून घेऊन.

"आईने मला सेवेला दिलंय हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हणालो. "मी तेव्हा ऐकत होतो. पण आईचं ऐकलं तेवढंच. देवाचं बोलावणं मला अजून आलेलं नाही. आलं तर मी दुकानाला कुलूप लावीन. न आलेल्या बोलावण्याला हो म्हणून त्याच्यापुढे उभं राहायला मला भीती वाटते."

आमेन कोणी म्हणेना. मागून एक भाऊ म्हणाले, "दुखण्यात ऐकू आलं नाही, मग आणखी कशात येणार, विलास?" प्रश्न रास्त होता. लोकांनी बुंदी द्रोणात घेतली आणि कपात चहा तसाच ठेवून पांगले. काकूंनी सदऱ्याबद्दल काही विचारलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आईने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण मनीषामार्फत बोलायची. मी राग समजत होतो. तो राग नव्हता. एका दुपारी ती मागच्या पायरीवर बसून रडताना दिसली. मी जवळ बसलो तेव्हा म्हणाली, "शबुद दिलेला हाय रे. नाय पाळला तर परत पडशील तू. मंग मी काय देऊ?" सत्तरीतली आई, आणि तिच्या हातात द्यायला एकच वस्तू होती, ती मी. मला इतकं भरून आलं की तिथे बसवेना.

मुंग्या

मग एका सकाळी मोरीतल्या स्टुलावर बसलो असताना डाव्या पायाला मुंग्या आल्या. तोच पाय, ज्याची चप्पल गेली होती. त्या क्षणी मला पाचारण जवळजवळ ऐकूच आलं. तसाच ओल्या अंगाने पाळकसाहेबांना फोन लावला आणि म्हटलं, मी यायला तयार आहे, कधीपासून ते सांगा.

त्यांनी मलाच विचारलं, "काय झालंय, विलास?"

मी मुंग्यांचं सांगितलं.

"मग आधी डॉक्टरकडे जा," ते म्हणाले. "घाबरून दिलेला होकार मी घेणार नाही. तोही घेईल असं मला वाटत नाही."

डॉक्टरांनी तपासलं. नसा भरून येताना अशा मुंग्या येतात म्हणाले. उलट चांगलंच लक्षण. मी घरी येऊन आईला तसं सांगितलं. तिने ऐकलं, पण तिला पटलं नाही.

पोलादपूर

दुकान पुन्हा उघडून थोडे दिवस झाले होते. शनिवारी एक म्हातारी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. माझ्या हातांकडेच बघत होती. मी पान्याने बोल्ट आवळत होतो.

"तुमीच का ते, हातपाय गेलेले?"

"मीच."

तिचा मुलगा दत्ताराम मुंबईला टेम्पो चालवायचा. त्याला तोच आजार. मुंबईहून घरी सोडला होता, पण गळ्याला अजून नळी, आणि त्यांच्या डोंगरातल्या वाडीला गाडी जात नाही, म्हणून पोलादपूरला त्याच्या भावाच्या घरी ठेवला होता. महाडच्या डॉक्टरांनीच तिला माझं दुकान सांगितलं होतं. "डॉक्टर म्हन्तात त्याला कळतं सगळं. पन आमाला तर काय दिसत नाय. तुमी एकदा येवा. मानूस उठतो येवढं त्याला दावा."

घरचे सगळे उद्या जमणार होते, म्हणून उद्याच या म्हणाली. उद्या रविवार. मी "येतो" म्हणून टाकलं आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी विचारच केला नव्हता. इतके महिने मी बोलावण्याची वाट बघत होतो, प्रत्येक बाजूने ते तपासून घेणार होतो, आणि इथे तोंडातून हो निघूनही गेलं होतं.

सकाळी आईने मनीषाला विचारलं, "उपासना सोडून कुटं चाललाय हा?" मनीषाने सांगितलं. आई गीतांचं पुस्तक पिशवीत घालून निघायच्या तयारीत होती. तिने पिशवी खुंटीला परत अडकवली आणि पायात चपला घातल्या. "एसटीची पायरी उंच असते," ती भिंतीला उद्देशून म्हणाली. "हा पडंल." पोलादपूरपर्यंत ती माझ्या शेजारी बसली, पण एक अक्षर बोलली नाही.

खोलीत सातआठ माणसं होती आणि सगळी दत्तारामबद्दल बोलत होती. टेम्पोचं काय करायचं, बायको माहेराहून कधी येणार, येणार की नाही. तो मध्ये उताणा पडला होता, चेहरा कोरा. मी काठी भिंतीला टेकवली आणि त्याच्या डोळ्यांसमोर जाऊन उभा राहिलो.

"दत्ता, मी विलास. महाडचा मोटरवाला. मलाही हेच झालं होतं. मी आज एसटीने आलोय. तुला ऐकू येतंय हे मला माहीत आहे. हो असेल तर वर बघ."

त्याचे डोळे हळूहळू वर गेले.

त्याची आई खालीच बसली. कोणीतरी "अगो बाय" म्हणालं.

"कुठे दुखतंय? पाठ?" खाली. "टाच?" खाली. मग मी सरळ त्याच्या डोक्याखाली हात घातला. डावा कान दुमडलेला होता, लाल झालेला. मी तो सरळ केला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. माझ्याही. माझा आजार कशासाठी होता, हे मला अजून माहीत नाही. त्याच्यामुळे मला एक कान सापडला, एवढं माहीत आहे.

"भीती वाटते?" मी विचारलं. तो वर बघत राहिला, बराच वेळ.

"मलापण वाटायची," मी म्हटलं. "अजून वाटते कधीकधी."

आता त्याच्या आईला बळ आलं. ती उठली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि आम्हा सगळ्यांना सांगायला लागली, की ती देवीला बोलली आहे. दत्ता उठला की दर वर्षी पालखीला वाडीपासून देवळापर्यंत अनवाणी चढेल.

कोपऱ्यातून आई म्हणाली, "गो बाय, त्याला इचारलंस का?"

महाड सोडल्यापासूनचं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

"त्याला काय इचारायचं? मी आय हाय त्याची."

"व्हय. मीपन आय हाय." आईचा आवाज फाटला. "पन तो ऐकतो हाय बघ. इचार आधी."

दत्तारामची आई बावरून माझ्याकडे बघायला लागली. मग त्याच्यावर वाकली. "चढशील का रे? हो असल तर वर बघ."

डोळे हलले नाहीत. आम्ही थांबलो. मग ते खाली गेले.

मला वाटलं ती रडेल. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं. मंग मीच चढीन."

परत

आता बुधवारी दुकान बंद असतं. दत्ताराम खुर्चीत बसायला लागला आहे, एक हात उचलतो आणि नळी निघाल्यावर पहिल्यांदा शिवी दिली, ती भावाला, टेम्पो घासल्याबद्दल. इतर घरांतूनही बोलावणी येतात. सगळे उठतात असं नाही. मी जातो, नाव सांगतो, काय करणार ते आधी सांगतो आणि विचारतो. तुमच्या घरात असं कोणी असेल तर तुम्हीही एवढं करा, याला शिक्षण लागत नाही. पाळकसाहेबांनी यावर काही भाष्य केलेलं नाही. पांढरा सदरा मी बुधवारी घालतो, काकूंनी पाहिलाय.

पण सांगायचं ते त्या रविवारचं राहिलं. परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. गाडी सुटली, पोलादपूर मागे पडलं, तेव्हा बाहेर बघतच म्हणाली, "तवा तुला इचारलं नाय मी."

"मी ऐकलं होतं, आई. मी खाली बघत होतो."

तिने मान डोलावली. मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत नीट बघितलं.

"आता इचारते. बुधवारी परत येशील त्या पोराकडं?"

माझ्या तोंडात जीभ होती, हातपाय चालत होते. पण मी काही बोललो नाही. मी वर बघितलं.